नाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' : एक ख्रिस्ती वाचन

सणांचे दिवस जवळ आले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तालुक्यातालुक्यांतून शांतता समितीच्या बैठका भरतात. धर्मगुरू या नात्याने आम्हालाही बोलावणे येते. वक्ता कोणत्याही धर्माचा असो, 'सर्व धर्मांची शिकवण एकच' हे वाक्य त्याच्या भाषणात हमखास येते. टाळ्या पडतात, चहा होतो, सभा संपते. या वाक्यामागील सद्भावाविषयी मला शंका नाही. परंतु ते वाक्य खरे नाही. देवाने देह धारण केला हे मुसलमान बांधवांना मान्य नाही. हिंदूंचा मोक्ष आणि आपले पुनरुत्थान हे एकाच कल्पनेचे दोन शब्द नव्हेत. ज्याचे म्हणणे आपण पुरते ऐकूनही घेतलेले नाही, त्याच्याशी आपले एकमत आहे असे जाहीर करणे सौजन्याचे असेल. त्याला संवाद म्हणवत नाही.

आणि मराठीत तर या विषयावर चारशे वर्षांहून अधिक जुनी एक रचना उपलब्ध आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांचा 'हिंदु-तुर्क संवाद' त्यांच्या भारुडांबरोबर गाथेत छापलेला असतो. 'तुर्क' म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान. नाथांची भागवतटीका घरोघर वाचली जाते. हा संवाद मात्र फारसा कोणी उघडीत नाही. त्याचे कारण उघड आहे. हे दोघे एकमेकांना मुळीच सांभाळून घेत नाहीत.

भांडणाची सुरुवातच तीक्ष्ण आहे. तुर्क आपल्या दखनी हिंदुस्थानीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो, आणि दोघांनाही एकमेकांचे बोलणे नीट कळते. तुर्क पुराणांतील देवांच्या कथा काढतो, दगडाच्या मूर्तीवरून बोलतो, सोवळ्याओवळ्याची आणि वेगळ्या पंक्तींची थट्टा करतो. हिंदूही मागे राहत नाही. देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का, आणि त्याला एवढ्या मोठ्याने हाक मारण्याचे कारण काय, असे तो विचारतो. आज यांतील निम्मी वाक्ये चव्हाट्यावर उच्चारली तर पोलिसांना यावे लागेल. नाथांनी ती लिहून ठेवली, आणि दोन्ही पारड्यांत जवळजवळ सारख्याच वजनाने टाकली, हे त्यांचे धैर्य. शेवटी देवाला जात नाही या जाणिवेपाशी दोघे येतात, एकमेकांना वंदन करतात, आलिंगन देतात. मनातले सगळे बोलून झाल्यावर आलेले हे आलिंगन असल्यामुळे त्यावर विश्वास बसतो.

यांतील एका प्रश्नापाशी मी दर वाचनात अडतो. हिंदू विचारतो : तुम्ही हिंदूला धरून मुसलमान करता, तर मग त्याला हिंदू म्हणून जन्माला घालण्यात देवाची चूक झाली होती काय? प्रश्न तुर्काला विचारलेला आहे. पण आपल्या धर्मग्रामातील कोणीही तो वाचताना आपल्याकडेही बोट रोखले गेल्याचे त्याला जाणवेल. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेने स्वीकारली, तीही उशिरा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे 'नॉस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसृत केले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र आले आणि श्रद्धेच्या बाबतीत सक्तीला जागा नाही हे स्पष्ट झाले. तरीही शुभवर्तमान सांगणे ख्रिस्तसभेने सोडलेले नाही. म्हणजे नाथांच्या हिंदूला आपण अर्धे उत्तर दिले आहे. 'धरून' या शब्दापुरते आपले त्याच्याशी पूर्ण एकमत आहे. उरलेल्या प्रश्नावर त्याच्याशी बोलत राहणे भाग आहे.

आता या रचनेतील उणे. पहिले असे की हिंदू आणि तुर्क दोघेही एकाच लेखणीतून उतरले आहेत. तुर्काची भाषा अस्सल आहे, त्याचे टोमणे बिनतोड आहेत. पण समेट ज्या भूमीवर होतो ती भूमी अद्वैताची, म्हणजे नाथांच्या घरचीच आहे. खऱ्या मौलवींनी ती एवढ्या लवकर मान्य केली असती काय? ही उणीव पुढच्या काळात एका मुसलमानानेच काही अंशी भरून काढली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ च्या सुमारास 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत लिहिला. ते स्वतःला 'अविंध' म्हणवितात, आपला जन्म लपवीत नाहीत, आणि वारकरी त्यांना संतांच्या मालिकेत मानतात. परंपरेनुसार त्यांचे गुरू चांद बोधले हे नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू होते. त्याच काळात आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ ज्या भोसल्यांच्या घरी सून म्हणून गेल्या, तेथे शहाजी आणि शरीफजी ही मुलांची नावे शाह शरीफ या पिरावरून ठेवलेली होती, असे सांगतात. त्याच शेख महंमदांच्या श्रीगोंद्यातील स्थानावरून अलीकडे दर्गा की मंदिर असा वाद उभा राहावा, याला काय म्हणावे!

दुसरे उणे नाथांचे नाही, आपले आहे. या संवादात तिसरे आसन नाही, कारण नाथांच्या पैठणात ख्रिस्ती माणूस नव्हता. तो गोव्यात होता. नाथांच्या हयातीतच, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान रास्त आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धाडस त्यांनी केले. फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ साली ते देवनागरीत उपलब्ध करून दिल्यापासून आपल्या व्याख्यानांत ते सर्वधर्मसमभावाचा नमुना म्हणून मिरविले जाते. हे मात्र मला पटत नाही. पहिल्या अवस्वरूतच एक ब्राह्मण फादरांना म्हणतो की तुम्ही आमची मराठी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. ग्रंथाचा जन्मच बंदीतून झालेला आहे आणि ते कवीने लपविलेले नाही. ओवीची भूमी दोघांची झाली, हे खरे. पण तीवर बोलण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे राहिला.

याची दुसरी बाजू फादर रुदोल्फ आक्वाविवा यांच्या चरित्रात दिसते. १५८० ते १५८३ ही तीन वर्षे ते अकबराच्या दरबारी होते. फत्तेपूर सिक्रीत मुल्लांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. गोव्यास परतल्यावर काही महिन्यांतच, २५ जुलै १५८३ रोजी, साष्टीतील कुंकळ्ळी येथे चार सोबत्यांसह त्यांची हत्या झाली. साष्टीतील देवळे त्याआधी पाडली गेली होती, आणि हत्येनंतर गावच्या प्रमुखांनाही पोर्तुगिजांनी ठार केले. आक्वाविवांच्या हौतात्म्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु माणूस तोच, श्रद्धा तीच, आणि एका ठिकाणी वाद रंगला तर दुसऱ्या ठिकाणी रक्त सांडले. सिक्रीत ख्रिस्ती धर्मगुरू पाहुणा होता. कुंकळ्ळीत त्याच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती.

नाथांचे दोघे वादी रस्त्यावर समोरासमोर उभे आहेत. एकामागे सुलतानाची सत्ता आहे, दुसऱ्यामागे जातीची उतरंड, पण बोलताना दोघेही ती बाजूला ठेवतात. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीपाशी प्रभू येशू हेच करतो. शोमरोनी स्त्रीकडे तो आधी पाणी मागतो, म्हणजे याचक होतो. तारण यहुद्यांकडून आहे हे तिला स्पष्ट सांगतो, आणि उपासनेचे स्थान या डोंगरावरही नाही व यरुशलेमातही नाही, हेही सांगतो. फरक झाकलेला नाही, नातेही तुटलेले नाही.

फाल्गुनात, बहुधा आपला उपवासकाळ चालू असताना, पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळी पेटते, नारळ जळतात, आणि हिंदू-मुसलमान एकत्र लोटतात. तेथील काही प्रथा मला मान्य नाहीत. मनोरुग्णाला डॉक्टरकडे न्यावे असेच मी सांगतो. पण दुःख घेऊन आलेल्याला तेथे कोणी जात विचारीत नाही, आणि हे आपल्या चर्चच्या दारातही तितकेच खरे असावे अशी माझी इच्छा आहे.

येत्या उपवासकाळात धर्मग्रामातील वाचनगटांनी शुभवर्तमानाबरोबर हा संवाद दोन बैठकांत वाचावा, असे मी सुचवितो. एकनाथांची गाथा वारकरी घरी सहज मिळेल, मागायला जावे. तुर्काच्या तोंडचे दखनी शब्द अडतील, तेथे शेजारच्या मुसलमान कुटुंबातील वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि ती कडवी त्यांनाच वाचायला द्यावीत.