सुंदरलँडच्या पाच पायऱ्या आणि आपल्याकडची जाड झालेली नस

नसेच्या दुखापतीबद्दल वाचायला घेतलं की सुंदरलँडचा 1951 चा 'ब्रेन'मधला पेपर टाळता येत नाही. सेडनने 1943 मध्ये तीन प्रकार सांगितले होते, सुंदरलँडने पाच केले. निकष एकच: कुठलं आवरण शाबूत आहे? प्रत्येक तंतूभोवती एंडोन्युरियम, तंतूंच्या जुडग्याभोवती पेरिन्युरियम, सगळ्या जुडग्यांना धरून ठेवणारं एपिन्युरियम. एंडोन्युरियमची नळी टिकली तर तंतू तिच्यातून दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कापलेल्या किंवा चिरडलेल्या नसेसाठी हा विचार आजही भक्कम आहे.

पण आपल्या यवतमाळात बसून वाचताना मी अडखळतो. वणीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचं आनंदवन, तिकडे वर्ध्याजवळ 1936 पासूनचं दत्तपूर. कुष्ठरोग हा आपल्या भागाचा जुना विषय. आता कोपर टेबलावर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी ती नस आठवा. कुष्ठरोगात ती बाहेरून तुटलेली नसते, उलट दोरीसारखी जाड लागते. आणि करंगळी मात्र वाकडी, बधिर. मग पायरी कितवी?

तक्त्यात इजा आतून बाहेर चढत जाते: आधी तंतू, शेवटी एपिन्युरियम. कुष्ठरोगात वाट बरीचशी उलटी दिसते. स्कोलार्ड यांच्या आर्माडिलोवरच्या कामात जंतू आधी एपिन्युरियममधल्या रक्तवाहिन्यांजवळ सापडले, आणि त्या वाहिन्यांच्याच वाटेने ते आत जातात असा त्यांचा तर्क आहे. शिवाय एक जुडगं संपलेलं, शेजारचं ठीक, असंही असतं. 1988 मध्ये मॅकिनन आणि डेलन यांनी मिश्र इजेसाठी सहावी पायरी जोडली, पण तीही इजेचीच. वर्षानुवर्षं धुमसणारा दाह तिच्यात मावत नाही.

माझी खरी तक्रार पेरिन्युरियमबद्दल आहे. तक्त्यात ते फक्त 'फाटलं की नाही' एवढंच. प्रत्यक्षात त्याच्या चपट्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून आतला द्रव आणि दाब सांभाळतात. आत सूज आली की हीच भिंत तंतूंना आवळते. बरं, मग चिरा द्यावा? प्राण्यांमध्ये पेरिन्युरियमला खिडकी पाडली तेव्हा आतला भाग बाहेर फुगला आणि तिथल्या तंतूंचं मायलिन गेलं. म्हणून 'नस मोकळी केली' असं एखाद्या पेपरात वाचलंत तर पद्धतींच्या भागात जाऊन आधी बघा, नेमकं कुठलं आवरण उघडलंय. तेवढं लिहिलेलं नसेल तर पुढचे निकाल कशाशी ताडून पाहणार?