छायाचित्राखालची ओळ

छायाचित्र माणसाचा चेहरा दाखवते. तो माणूस कोण, हे मात्र त्याखालची ओळ ठरवते. ही ओळ लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या प्रस्थापित कलासमीक्षेने क्वचितच विचारला. ती प्रकाश, छाया आणि रचना यांतच रमली.

इंग्रज सत्तेने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. छायाचित्र आणि सोबत मजकूर, अशी त्याची मांडणी. चेहरा जिवंत माणसाचा. पण बहुतेक ठिकाणी शीर्षक जातीचे वा जमातीचे, आणि मजकुरात साऱ्या समूहाच्या स्वभावाचा निवाडा. गावगाडा जे जिभेने करत होता, ते राज्यकर्त्यांनी छापून केले. माणूस पुसला गेला, जात उरली.

अमेरिकेत वेगळे घडले नाही. १८५० मध्ये लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी गुलाम स्त्री-पुरुषांची विवस्त्र छायाचित्रे काढली गेली. काळा माणूस हीन आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते. कॅरी मे वीम्स या कृष्णवर्णीय कलावतीने १९९५-९६ मध्ये तीच चित्रे घेतली, त्यांना लाल रंग दिला आणि वरच्या काचेवर स्वतःचे शब्द कोरले. त्यांत ती चित्रातल्या माणसांशीच बोलते. चित्र मालकाचे, ओळ आपली! ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्या आपल्या चळवळीला हा नकार परका वाटू नये.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. २०१३ च्या त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी नाव सन्मान आणि न्याय यांच्या शोधाचे आहे. ते दया मागत नाही, हक्क मागते. हे मोल मोठे आहे. तरी एक प्रश्न उरतोच: गटारात उतरलेल्या माणसाने स्वतःच्या चित्राखाली काय लिहिले असते? 'बलुतं'ने १९७८ मध्ये शब्दांत जे साधले, ते छायाचित्रात अजून साधायचे आहे.

जालना जिल्ह्यात अंबड, परतूर, घनसावंगीच्या चौकांत १४ एप्रिलला लागणारे फ्लेक्स या दृष्टीने पाहावेत. वर बाबासाहेब, खाली वस्तीतल्या पोरांचे चेहरे, प्रत्येकाखाली आडनावासह पूर्ण नाव. सुसंस्कृत म्हणवणारी अभिरुची त्याला ओंगळ म्हणते. ज्यांच्या आज्यांना गावाने 'किसन्या', 'धोंड्या' अशीच हाक मारली, त्यांच्या नातवांनी पूर्ण नाव चौकात लावणे, हा अभिरुचीचा प्रश्न नव्हे.

पण कौतुकावर थांबणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. 'शुभेच्छुक' यापलीकडे तो फलक काही बोलत नाही. ऊसतोडीला गेलेली आई त्यात नाही, शाळा सुटलेली बहीण नाही. साचा पुढाऱ्याचाच आहे. चेहरे तेवढे बदलले. उसन्या साच्यात अस्मिता मावत नाही.

मोबाइलमुळे कॅमेरा आज वस्तीत आला आहे. उणीव आहे ती ओळीची. आपल्या तरुण छायाचित्रकारांनी चित्र टिपून थांबू नये. चित्रातल्या माणसाच्या हाती लेखणी द्यावी. ज्याला अक्षर येत नाही, त्याचे बोल जसेच्या तसे उतरवावेत. ती ओळ प्रमाण भाषेत नसेल, नसू दे. ती त्याची असली पाहिजे.