हवा बघून

दिवाळीच्या अंकात माघ-फाल्गुनाची गोष्ट काढणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बारशाचे बोलणे काढण्यासारखे आहे. आपण हा अंक हाती घ्याल तेव्हा अभ्यंगस्नानाच्या पहाटे थंडी नुकती कुठे अंगाला लागू लागली असेल. आणि मी बोलणार ती थंडी घरातून जाते कशी याविषयी! पण माझा नाइलाज आहे. हा लेख टीकालेख असला तरी त्यात टीका मुख्यतः माझ्यावरच आहे, आणि ती कबुली आणखी एक वर्ष लांबणीवर टाकणे मला बरे वाटत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एका ललितनिबंध-स्पर्धेचा मी परीक्षक होतो. विषय होता 'माझा आवडता ऋतू'. साठ-सत्तर निबंध आले. त्यांतल्या निम्म्यांत पाऊस पडत होता, उरलेल्यांपैकी बहुतेकांत कोकिळ ओरडत होता. एकाच निबंधात यांपैकी काही नव्हते. कोणा गृहिणीने लिहिला होता. थंडी सरता सरता घरात काय काय हलते, एवढेच त्यात होते. गोधड्या धुऊन, वाळवून पेटीत जातात, पण एक गोधडी ती बाई पेटीत टाकत नाही. होळीपर्यंत पायथ्याशी घडी करून ठेवते. का, ते तिने सांगितले नव्हते. मी शेरा मारला : "विषय घरगुती. निरीक्षण बरे. वाङ्मयीन मूल्य बेताचे." आणि दहांपैकी तीन गुण दिले. पहिले बक्षीस कोकिळेला गेले.

गेल्या माघात, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, आमच्या सौभाग्यवती अंगणात घसरून पडल्या आणि उजवे मनगट मोडून बसल्या. प्लास्टर निघायला होळी उजाडली. मुलगी जवळच राहते, पण तिची नोकरी. उलट तिचा आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या आधी आणि नंतर आमच्याकडेच असतो. तेव्हा पुरते साडेपाच आठवडे घर माझ्या हाती आले. पहिल्याच रात्री मी स्वयंपाकघरातून विचारले, "विरजण किती लावू?"

आतून उत्तर आले, "अहो, हवा बघून लावा."

मी खिडकीतून हवा पाहिली. हवेत पाहण्यासारखे काही नव्हते. चमचाभर विरजण लावून झोपलो. सकाळी पातेल्यात दूध जसेच्या तसे होते. दुसऱ्या रात्री दूध कोमट करून विरजण दुप्पट लावले आणि पातेले पंचात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवले. दही लागले, आणि माझी मान ताठ झाली. पंधरा दिवसांनी त्याच मापाने, त्याच डब्यात ठेवलेले दही सकाळी इतके आंबट निघाले, की नातवाने एक घास घेऊन माझ्याकडे नुसते पाहिले.

तेच त्याच्या स्वेटरचे. सकाळी सात वाजता घालून पाठवावा, तर दुपारी तो कमरेला बांधून घामाघूम परत येई. म्हणून एक दिवस तसाच पाठवला, तर संध्याकाळपर्यंत शिंका. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, या म्हणीवर विसंबून मी दुसऱ्या दिवशी माठ धुऊन भरला. त्याच रात्री आभाळ भरून आले, गार वारा सुटला आणि माठाला कोणी शिवले नाही. शेजारच्या वहिनींनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून घातलेल्या कुरडयांना नंतर कडक ऊन लागते. ढग दोन दिवस हलले नाहीत. चीक आंबून गेला. "मी नसते घातले," आमच्या सौ. बिछान्यावरून म्हणाल्या, "आदल्या आठवड्यापासून वारा फिरला होता." मी त्याच घरात होतो. मला वारा फिरलेला कळला नव्हता.

यात शास्त्र काही अवघड नाही. देशावर या दिवसांत हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असते. जमीन उन्हाने लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्याला पहाटे १२ अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी ३२ च्या घरात जातो. समुद्राच्या कडेला एवढा फरक पडत नाही. म्हणजे एकाच दिवसात एका घरात दोन ऋतू नांदतात. पंचांगालाही इथे ठाम राहता येत नाही. माघ-फाल्गुन हा शिशिर. पण वसंतपंचमी येते माघाच्याच पाचव्या दिवशी, शिशिर नुकता सुरू होताना! अशा दिवसांत घर चालवणे म्हणजे रोज नव्याने अंदाज बांधणे. तो अंदाज बायका बांधतात, आणि आपण त्याला 'घरगुती' म्हणतो.

दुपारी काम उरकले की मी कपाटाशी जाऊन बसू लागलो. म्हटले, हे सारे आपल्या वाङ्मयात कुठेतरी असेलच. शोधाचा निकाल सांगतो.

कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहारा'त शिशिराचा एक सबंध सर्ग आहे. त्यात घर आहे : बंद खिडक्या, आतला अग्नी, उबदार ऊन, जाड वस्त्रे. पण हा शिशिर पुरता बस्तान बसवलेला. तो जाऊ की राहू अशा द्विधेत कधीच नसतो. आणि तो अग्नी पेटवतो कोण, जाड वस्त्रे उन्हात टाकतो कोण, हे कवी सांगत नाही.

आपल्या मातीतली 'गाथासप्तशती' याहून पुढे जाते. हाल सातवाहनाच्या नावावरचा हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठी वाचकांपुढे ठेवला. त्यातल्या एका गाथेत माघ महिन्यात एक शेतकरी अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेतो. घरात बायको आहे, तीच आपली बिनधुराची शेकोटी, असा त्याचा हिशेब! गाथा शृंगाराची म्हणून वाचतात, आणि ती तशी आहेही. पण मला आता तिच्यात संसाराचा जुगार दिसतो. थंडी संपत आली आहे, पांघरूण आता चार दिवसांचे सोबती. बैल मात्र वर्षभर उपयोगी पडणार. हवा बघूनच त्याने तो सौदा केला. तेवढेच पांघरूण घरातून बायकोच्याही वाट्याचे गेले, आणि त्यावर तिचे म्हणणे काय होते, हे गाथेने विचारले नाही. तरीही उतरत्या थंडीने घरात घ्यायला लावलेला एक निर्णय तिथे आहे. म्हणून ती मला इतकी खरी वाटते.

खरे आश्चर्य वाटले ते वाग्भटाचे. 'अष्टांगहृदया'त सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानला आहे. त्या काळात जुनी राहणी हळूहळू सोडावी, नवी हळूहळू धरावी; एकदम बदल केला तर रोग होतात, असे वैद्य सांगतो. शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होऊन त्रास देतो, हेही तिथेच आहे. म्हणजे कवींना जे पंधरा दिवस दिसले नाहीत, ते वैद्याला दिसले. कारण वैद्याला घरात शिरावे लागते. पायथ्याशी ठेवलेल्या त्या एका गोधडीचा अर्थ मला या पानावर कळला. ती बाई वाग्भट वाचून गोधडी ठेवत नव्हती, आणि मी वाग्भट वाचूनही तिला तीन गुण दिले होते.

आता आधुनिकांकडे. बालकवींचा श्रावण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. माघाला असा कवी लाभलेला नाही असे म्हणणार होतो, तेवढ्यात मर्ढेकर आठवले. मुंबईच्या बंदरावर उजाडणारी माघातली सकाळ त्यांनी मराठीत अजरामर केली. त्या कवितेत घरे आहेत, दुधाचे हंडे नेणारे गवळीही आहेत. पण कवी रस्त्यावर उभा आहे. गवळ्याने दूध घातले, पुढे त्या दुधाचे काय झाले, हे दाराआड राहते. हा कवितेचा दोष नव्हे. तिला बंदर आणि शहर पाहायचे होते. मला एवढेच म्हणायचे आहे, की दाराआडची दुसरी कविता लिहायची राहिली.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र'ही १९५६ चेच. महिन्यामहिन्याने झाडे, फुले, पाखरे, आभाळ बाईंनी ज्या डोळ्यांनी पाहिले, त्या डोळ्यांनी मराठी वाचकाला निसर्ग पाहायला शिकवले. मीही त्या पुस्तकावरच वाढलो. आणि तिथेच माझी चूक झाली. ऋतू म्हणजे घराबाहेर जाऊन पाहायची गोष्ट, असा मी त्यातून अर्थ काढला. पुस्तकाने तसे कुठेही म्हटलेले नाही. चांगल्या पुस्तकाचे अनुकरण करणारे वाचक त्या पुस्तकापेक्षा अरुंद होतात, तसे माझे झाले.

घर वाङ्मयात येऊ शकत नाही असे म्हणावे, तर लक्ष्मीबाई टिळक समोर उभ्या राहतात. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला काय सोसावे लागले, हे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. १९५२ साली, मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आलेल्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत चूल आणि जाते हे कवितेचे विषय झाले. आणि त्या माउलीला तर लिहिता येत नव्हते! तेव्हा विषय क्षुल्लक होता म्हणून हे लिहिले गेले नाही, हे खरे नाही. ज्यांच्या हाताला हे ज्ञान होते त्यांच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्या थोड्यांच्या हातात ती आली त्यांना माझ्यासारखे परीक्षक भेटले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विरजणावर लिहिले की वाङ्मय होते काय? मुळीच नाही. तसे असते तर पाककृतींच्या पुस्तकांनाच आपण काव्यसंग्रह म्हटले असते. दुसरा धोका याहून मोठा : आजीची गोधडी, आईचे हात, चुलीचा धूर असे म्हणत डोळे ओले करणारे लेखन. त्याचे पीक हल्ली उदंड आहे, आणि त्यात आई नेहमी गप्प असते. मला हवे आहे ते निराळे. लक्ष्मीबाई सोवळे सांगतात ते धुण्याची रीत शिकवायला नव्हे. त्या धुण्यात वडील कळतात, घर कळते. तीच कसोटी इथे लावावी. पालटत्या हवेने घरात कोणाला काय ठरवावे लागले, आणि त्या ठरवण्यातून माणसे एकमेकांना कशी दिसली, हे ज्या लेखनात येईल ते वाङ्मय. बाकीचे नुसते हवामान.

आणि हे ठरवणे सगळीकडे दह्याइतके सौम्य नसते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट झाली. काढणीला आलेले गहू-हरभरे आणि द्राक्षाच्या बागा झोडपल्या गेल्या. तिची वर्णने वर्तमानपत्रांत आपण वाचली, ती शेताची होती. त्या संध्याकाळी त्या घरांत चूल पेटवताना कोण कोणाशी काय बोलले, की बोललेच नाही, ते कोणी लिहिले? माघात पांघरूण देऊन बैल घेणाऱ्या त्या शेतकऱ्याचाच हा वंशज. या वेळी त्याचा अंदाज चुकला. प्राकृतातल्या गाथाकाराला त्याच्या घरात डोकवावेसे वाटले. मग आपल्याला का वाटू नये?

होळीच्या दिवशी सौ.चे प्लास्टर निघाले. 'होळी जळाली, थंडी पळाली' असे म्हणत मी मोठ्या उत्साहाने राहिलेल्या गोधड्या पेटीत भरायला घेतल्या. त्यांनी पाहिले आणि सुजलेल्या हाताने एक गोधडी बाहेर ओढून घेतली.

"हिला राहू द्या अजून आठ दिवस."

"पण होळी झाली ना?"

"झाली. तुम्ही पहाटे पाय पोटाशी घेता, ते तुम्हाला कुठे माहीत आहे?"

चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला प्रथमच कळली. मग मला त्या निबंधातली गोधडीही वेगळी दिसू लागली. ती कोणासाठी होती, हे त्या बाईने सांगितले नव्हते, ते बहुधा सांगण्याची गरज नाही असे तिला वाटले म्हणून. मी मात्र ती जागा रिकामी समजलो आणि गुण कापले.

स्पर्धेचे निबंध परत पाठवले गेले होते. माझ्यापाशी त्याची प्रत नाही. लेखिकेचे नावही आठवत नाही, आणि याची मला लाज वाटते. ती हा अंक वाचत असेल तर माझी एक विनंती आहे. निबंध अजून जपून ठेवला असेल तर संपादकांच्या पत्त्यावर पाठवावा. जपला नसेल तर पुन्हा लिहावा, घाई नाही. थंडी आत्ता कुठे सुरू होते आहे. ती जाईपर्यंत तीन-चार महिने हातात आहेत.