कामठीचें इंग्रजी चर्च आणि त्याच्या इतिहासाचीं साधनें

कामठीच्या छावणींतील इंग्रजी चर्चविषयीं जें लिहिलें जातें त्याचा सारा भार 1833 या एका वर्षावर असतो. गॅझेटियरांतून तें वर्ष आलें आणि पुढील लेखकांनीं तें जसेंच्या तसें उतरून घेतलें. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु तें नेमकें कशाचें वर्ष, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. देवालयाचा शिलान्यास, कळस व प्रतिष्ठा यांच्या तिथि निरनिराळ्या असतात, हें शिलालेख वाचणारास सांगावयास नको. आंग्ल पंथाच्या चर्चचेंहि तसेंच आहे. इमारत उभी राहून तींत उपासना सुरू झाली तरी तिचा विधियुक्त अर्पणसंस्कार बिशपच्या हातूनच व्हावा लागतो, आणि त्याचा लेख बिशपच्या दप्तरीं राहतो.

आतां 1833 सालीं मद्रासेस स्वतंत्र बिशप नव्हता. तें पीठ 1835 त व मुंबईचें 1837 त निर्माण झालें. तोंपर्यंत सारा कंपनी-मुलूख कलकत्त्याच्या बिशपकडे होता. बिशप टर्नर 1831 त वारले, त्यांच्या जागीं नेमलेले डॅनियल विल्सन 1832 च्या अखेरीस कलकत्त्यास पोंचले, आणि त्यांचा पहिला मोठा दौरा 1834 च्या ऑगस्टांत निघाला, तोहि समुद्रमार्गें. तेव्हां 1833 हें वर्ष अर्पणसंस्काराचें धरतां येत नाहीं. तें बांधकामाचेंच मानलें पाहिजे.

दुसरा दोष याहून मोठा आहे. कामठी नागपुराजवळ, म्हणून तिचा धर्मविषयक इतिहास नागपुरांत शोधावा, असा समज दिसतो. परंतु नागपूरचें बिशपपीठ 1903 त स्थापन झालें, म्हणजे चर्चनंतर सत्तर वर्षांनीं. 1816 च्या तहानें भोसल्यांच्या राज्यांत जी तैनाती फौज आली तींत मद्रासच्या पलटणी होत्या. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईंत त्याच लढल्या, आणि 1821 त कन्हानकांठीं छावणी पडल्यावर तेथेंहि मद्रासचीच फौज राहिली. पलटणीमागून पाद्री येतो व पाद्र्यामागून कागद. म्हणून बिशपची सत्ता कलकत्त्याची असली तरी या चर्चचा संसार मद्रासचा होता. स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप 1845 त नागपुरास आले. त्यांचा पंथ निराळा व कामहि निराळें. त्यांना या चर्चच्या कथेंत ओढण्याची जी रीत पडली आहे ती सोडलेली बरी.

या दृष्टीनें पाहतां फ्रँक पेनी यांचा “द चर्च इन मद्रास” हा तीन खंडांचा ग्रंथ विदर्भांतील संशोधकानें दूरचा म्हणून बाजूस सारूं नये. त्याचा 1912 चा दुसरा खंड 1805 ते 1835 या काळाचा आहे, आणि आम्हांस हवा तो काळ हाच. पेनी स्वतः मद्रासकडील पाद्री. त्यांची भिस्त कंपनीच्या पत्रव्यवहारावर. त्यामुळें मंजुरी, खर्च, नेमणूक या गोष्टी त्यांच्या हातीं नीट लागतात. बाकावर बसणारीं माणसें मात्र हातीं लागत नाहींत. नागपूरचे पहिले बिशप आयर चॅटर्टन यांचा 1924 चा ग्रंथ वाचनीय खरा, पण त्याची मांडणी बिशपांच्या चरित्रांभोंवतीं फिरते. लहान छावणीचें चर्च अशा रचनेंत ओझरतेंच येणार. ऑ. एस. क्रॉफ्टन यांची मध्यप्रांत-वऱ्हाडांतील थडगीं व स्मारकलेख यांची यादी 1932 त निघाली. रायबहादुर हिरालाल यांच्या शिलालेखसूचीची दुसरी आवृत्तिहि त्याच वर्षाची. आमच्या मंडळींच्या कपाटांत हिरालाल हटकून असतात, क्रॉफ्टन क्वचितच. ताम्रपटाला जो मान, तो सोजिराच्या थडग्यावरील चार ओळींना कां नसावा? अक्षर झिजणें दोहोंसहि सारखेंच लागू आहे.

आणखी एक बाजू या तिघांनाहि सुचण्यासारखी नव्हती. चर्च उभें राहिलें तेव्हां ती भूमि इंग्रजांच्या राज्यांतली नव्हे. तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरांत वारले व 1854 त राज्य खालसा झालें. तोंवर कामठीची छावणी भोसल्यांच्या मुलखांत होती. छावणीची जागा, दगड-चुना, गाड्या, मजूर यांचा व्यवहार दरबाराच्या रयतेशींच व्हावयाचा, आणि त्या रयतेचे कागद मोडींत. नरखेड-काटोलकडील जुन्या घरांत रुमाल सोडणाऱ्या संग्राहकानें ‘कामठी’, ‘छावणी’, ‘पलटण’ हे शब्द दिसतांच तो कागद किरकोळ म्हणून वेगळा टाकूं नये, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या कागदांपासून तोडूं नये. सुटा कागद किंमतीस चढतो, पुराव्यास उतरतो.

नोंदवह्यांविषयीं एवढें सांगणें पुरें. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती इलाखावार लंडनला जात. त्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांत होत्या व आतां ब्रिटिश लायब्ररींत आहेत; बंगाल, मद्रास व मुंबई अशा त्यांच्या तीन वेगळ्या मालिका आहेत. कामठीचें नांव बंगालच्या मालिकेंत न सांपडल्यास नोंदच नाहीं असें ठरवूं नये; आधीं मद्रासची मालिका उघडावी. 29 नोव्हेंबर 1970 रोजीं नागपुरांतच उत्तर भारताच्या संयुक्त चर्चची स्थापना झाली आणि आंग्ल पंथाचा येथील स्वतंत्र संसार संपला. त्यापूर्वींचे कागद ‘आंग्लपंथीय’ या नांवाखालीं व नंतरचे ‘उत्तर भारत’ या नांवाखालीं पहावे लागतात, हेंहि शोधणारानें ध्यानांत ठेवावें.