अंतराळातील मातली

‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून आकाशमार्गे पृथ्वीवर उतरतो. रथ हाकतो मातली. हा मार्ग मातलीने कितीदा तरी पाहिला असेल. पण उतरताना भूमी कशी दिसते याविषयीचे आश्चर्याचे उद्गार कालिदासाने राजाच्या मुखी घातले आहेत. मातलीकडे त्या उद्गारांना दाद देणे तेवढे राहते. सारथ्याने पाहावयाचे ते वाट चुकू नये म्हणून. सौंदर्य पाहण्याचा अधिकार रथात बसलेल्याचा, असा हा संकेत आहे. तो चिवट निघाला. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठविली, तेव्हापासून आपल्या विज्ञानकथेने पुष्कळ मजल मारली. परंतु तिच्यात मनात भरतो तो वैज्ञानिक. यान चालविणारा केवळ यान चालविणारा असेल, तर त्याचे नावही आपल्या लक्षात राहत नाही.

म्हणूनच ‘द एक्स्पान्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील अ‍ॅलेक्स कमाल या व्यक्तिरेखेचा विचार करावासा वाटतो. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने डॅनियल एब्रहम व टाय फ्रँक या लेखकद्वयाने २०११ ते २०२१ या काळात लिहिलेल्या नऊ कादंबऱ्यांवर ही मालिका आधारलेली आहे. २०१५ च्या डिसेंबरात ती सुरू झाली व सहा पर्वे आणि बासष्ट भाग होऊन २०२२ च्या जानेवारीत संपली. काही शतकांनंतरचा काळ. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारी माणसे यांच्यातील वैर हा विषय. नायक पृथ्वीवरचा. अ‍ॅलेक्स हा त्याच्या यानाचा वैमानिक, मंगळाच्या नौदलात वीस वर्षे काढून निवृत्त झालेला. यानाचे नाव ‘रोसिनान्टे’, म्हणजे डॉन क्विक्झोटचा मरतुकडा घोडा. नायकाला क्विक्झोट ठरविणारे हे नाव त्या घोड्याचा लगाम धरणाऱ्याविषयी मात्र काही सांगत नाही.

नौदलातील हा माणूस पराक्रमी लढवय्या नव्हता. सैन्याची वाहतुकीची याने तो नेत-आणत असे, आणि याचे शल्य त्याच्या मनात आहे. मंगळाची एक युद्धनौका नष्ट होत असताना तिच्या पोटातील लहान नौका घेऊन निसटण्याचा प्रसंग येतो आणि ज्या आसनाची त्याने वीस वर्षे अभिलाषा धरली, ते त्याला पराभवाच्या धामधुमीत मिळते. हा उपरोध लेखकांनी कोठेही उच्चारून दाखविलेला नाही; तो पाहणाऱ्यानेच ओळखावयाचा आहे.

व्यक्तिरेखेचा खरा उत्कर्ष दुसऱ्या पर्वात आहे. गॅनिमीड या गुरूच्या चंद्रापर्यंत कोणाच्या दृष्टीस न पडता पोहोचावयाचे आहे. मुख्य इंजिन चालविले तर त्याची ज्वाळा दुरून दिसणार. यानावर अ‍ॅलेक्स एकटाच. तो इंजिन बंद ठेवतो आणि गुरूच्या चंद्रांच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत, अधूनमधून लहानसा फुत्कार सोडीत, एका चंद्राजवळून दुसऱ्याजवळ झोके घेत जातो. शास्त्रीय दृष्ट्या येथे काळ फारच आखडला आहे. आयो गुरूपासून सुमारे सव्वाचार लाख किलोमीटर दूर, कॅलिस्टो जवळजवळ एकोणीस लाख. असा प्रवास गाण्याच्या एका चालीत आटोपत नसतो. तथापि हा दोष मी मोठा मानीत नाही. प्रसंगाचे मोल त्या माणसाच्या मुद्रेवर आहे. नायक जवळ नाही, आज्ञा देणारा नाही, पाहणारा कोणी नाही. आणि हा मनुष्य आनंदाने हसतो आहे. मातलीला जे नाकारले गेले होते, ते येथे सारथ्याला मिळाले आहे.

या आनंदाची किंमतही मालिकेने लपविलेली नाही. पत्नी तलिसा आणि मुलगा यांना तो मंगळावर सोडून आला आहे. जुलूम, दारिद्र्य वा हद्दपारी यांपैकी काहीही त्यामागे नाही. त्याला घरात बसवत नाही, एवढेच. पुढे तो त्यांना भेटावयास जातो तेव्हा पत्नी त्याला परत पाठविते, आणि तिचे काही चुकले असे आपणांस वाटत नाही. दुय्यम पात्राचा दोष इतक्या निर्मळपणे दाखविणे ही मोठी गोष्ट आहे. दुय्यम पात्रे सहसा एक तर विनोदासाठी असतात, नाही तर मरण्यासाठी.

यापुढे माझी तक्रार सुरू होते.

अ‍ॅलेक्स मंगळावरील मरिनर दरीतला. ही दरी कल्पित नव्हे. १९७१ साली मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर ९ या यानावरून तिला नाव मिळाले आणि तिची लांबी सुमारे चार हजार किलोमीटर आहे. कादंबरीनुसार तेथे वसाहत केली ती भारतीय, चिनी आणि टेक्सास प्रांतातील लोकांनी. आता तेथले सगळेच टेक्सासचा हेल काढून बोलतात, जणू तो साथीसारखा पसरला. कल्पना गमतीची आहे. पण बारकाईने पाहता अ‍ॅलेक्सजवळ भारतीय म्हणावे असे काय उरले? वर्ण आणि आडनाव. तेही रोमन लिपीत असे लिहिलेले की कमल म्हणावे की कमाल हे कळू नये. हिंदू घराणे की मुसलमान, हेही त्यामुळे अधांतरी राहते. (मी कमाल लिहितो, ते हैदराबादेत राहण्याचा परिणाम असेल.) त्याच्या तोंडी एक शब्द नाही, एक म्हण नाही, आजीच्या हातचा एक पदार्थ नाही.

मी हे काचीगुड्यात बसून लिहीत आहे. येथल्या १९१६ सालच्या स्थानकातून नांदेड-परभणीवरून मनमाडकडे लोहमार्ग जातो. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाड्याचे पाच जिल्हे या राज्यातून गेले, आणि आम्ही येथेच राहिलो. आमच्या मराठीत उर्दूचा हेल आहे, तेलुगूचे शब्द आहेत, आणि पुण्याचे पाहुणे तिला हसतात. वर्गात निबंध तपासताना मीही पुष्कळदा तांबडी शाई वापरतो. पण देवघेव एकाच दिशेने झाली असे नाही. या शहराची दखनी ‘नक्को’ म्हणते, ते आपल्या ‘नको’पासून. ‘ऐसाच’मधला जोर देणारा ‘च’ आपलाच. मराठीचे एक अक्षरही न शिकलेला चारमिनारजवळचा दुकानदार दिवसभर मराठीचा प्रत्यय वापरीत असतो. चार भाषा एका दरीत नांदू लागल्या की त्यांतील एक जिंकते आणि बाकीच्या निमूट मावळतात, असे घडत नाही. हरलेली भाषाही जिंकणारीच्या तोंडात काहीतरी ठेवून जाते. मरिनर दरीतील टेक्सासच्या हेलात भारताचा असा एखादा ‘च’ का नसावा?

लेखकांना भाषांचे मिश्रण समजत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. लघुग्रहांवरील लोकांसाठी निक फार्मर या भाषातज्ज्ञाने मालिकेकरिता अनेक भाषांतून शब्द घेऊन एक संकरभाषा रचली आहे आणि ती ऐकताना खरी वाटते. म्हणजे राबणाऱ्यांना भाषा दिली. मंगळाच्या शिस्तबद्ध, सुस्थित समाजाला नुसता हेल. कदाचित यातही निरीक्षण असेल. गणवेश बोलीला सपाट करतो, आणि अ‍ॅलेक्सने तो वीस वर्षे घातला. मात्र या तर्काला बाहेरचे एक उदाहरण आडवे येते. राकेश शर्मा या हवाई दलाच्या वैमानिकाचे शिक्षण याच शहरात, निजाम कॉलेजापर्यंत, झाले. अंतराळप्रवासासाठी त्याला रशियन शिकावी लागली. तरी एप्रिल १९८४ मध्ये वरून भारत कसा दिसतो असे इंदिरा गांधींनी विचारल्यावर त्याच्या मुखी आले ते इक्बालांच्या गीतातले शब्द. गणवेशाने ते पुसले नव्हते.

मालिकेतील दुसरी भारतीय व्यक्ती, पृथ्वीची मुत्सद्दी अव्हसराला, हिला डौलदार साड्या दिल्या आहेत. एकीला वस्त्रे, दुसऱ्याला आडनाव, अशी ही वाटणी. योगायोग असा की दोन्ही भूमिका इराणी वंशाच्या नटांनी, शोहरे अघदाश्लू व कॅस अन्वर यांनी, केल्या आहेत. दोघांच्या अभिनयात उणे काढावे असे मला काही आढळले नाही.

शेवटाविषयी थोडे. कॅस अन्वर सहाव्या पर्वात असणार नाही हे २०२० सालीच जाहीर झाले होते. कारणे कथेबाहेरची होती, आणि त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परिणाम असा की पाचव्या पर्वाच्या अखेरच्या भागात, सहकारिणीला वाचविण्यासाठी यानाला दिलेल्या प्रचंड वेगवृद्धीचा ताण सहन न होऊन, अ‍ॅलेक्स मेंदूच्या आघाताने मरतो. मरण वैमानिकाला साजेसे आहे, पण ते घाईचे आहे. पाहणाऱ्याला क्षणभर कळतही नाही. कादंबऱ्यांत असे नाही. तेथे तो म्हातारा होतो, त्याला दुसऱ्या लग्नाचा मुलगा असतो, आणि नवव्या पुस्तकाच्या शेवटी, परतीचे मार्ग कायमचे बंद होण्यापूर्वी, तो रोसिनान्टे घेऊन एकटाच त्या मुलाच्या घराकडे निघतो.