रेघेतली माणसे आणि हाडामांसाची माणसे

आपल्या समाजातील तरुण मंडळी हल्ली कोरियन मालिकांच्या नादी लागली आहेत, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. अश्दोद असो, लोद असो की आमचे ब्रिस्टल असो, रात्रीची जेवणे आटोपली की पडद्यावर सोल शहर उगवतेच. वडीलधाऱ्यांनी प्रथम नाके मुरडली आणि मग हळूच खुर्ची पुढे ओढली. यांपैकी पुष्कळ मालिका मुळात चित्रकथा आहेत आणि मुलांनी त्या आधीच वाचलेल्या असतात, हे मात्र वडीलधाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे ऐन रंगात आलेल्या प्रसंगी कोणीतरी ‘मुळात असे नव्हते’ म्हणून कुरकुरतो आणि वादाला तोंड फुटते. आम्हीही या वादात ओढले गेलो. काही चित्रकथा वाचल्या, त्यांच्या मालिका पाहिल्या, आणि जे मत झाले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या चित्रकथांना वेबटून म्हणतात. आपल्या लहानपणीच्या चित्रकथेला पान असे आणि पानावर चौकटी असत. वेबटूनला पान नाही. फोनवर वरून खाली सरकत जाणारी एकच लांबलचक पट्टी असते, आणि दोन चित्रांच्या मध्ये चित्रकार त्याला हवी तितकी जागा कोरी सोडतो. एखादे पात्र वाईट बातमी ऐकते आणि पुढचे चित्र येईपर्यंत आपला अंगठा नुसत्या पांढऱ्या जागेवरून फिरत राहतो. ती त्या पात्राची शांतता. ती किती वेळ टिकवायची हे वाचणाऱ्याच्या हाती. कोरियात दाउम आणि नावेर या कंपन्यांनी २००३-०४ च्या सुमारास हा प्रकार सुरू केला, आणि कांग फुल या लेखक-चित्रकाराने त्यात लांब गोष्टी सांगून दाखवल्या.

हे अगदीच नवलाचे आहे असे आपण कोकणातल्या माणसांनी समजू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करीत आले आहेत. कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. फरक एवढाच की पिंगुळीला चित्रासोबत सांगणारा असतो. त्याचा आवाज असतो आणि पुढचे चित्र केव्हा यायचे हेही तोच ठरवतो. वेबटूनमध्ये सांगणारा नाही. चित्र मुके असते आणि त्याला आवाज द्यायचा तो वाचणाऱ्याने.

मालिका करणारा दिग्दर्शक वाचणाऱ्याच्या हातून या दोन गोष्टी काढून घेतो, वेळ आणि आवाज. आमच्या मते चेहरा जुळला की नाही, केस तसेच कापले की नाही, हे वाद गौण आहेत. ‘इतेवॉन क्लास’ या २०२० सालच्या मालिकेतील नायकाची केशरचना अगदी मूळ चित्राबरहुकूम होती, आणि घराघरांत त्या डोक्याचीच चर्चा झाली. काढून घेतलेल्या वस्तूच्या बदल्यात दिग्दर्शकाने काय दिले, हे आधी पाहावे.

‘मिसेंग’चे उदाहरण घ्या. युन ते-हो यांची ही चित्रकथा. बादुक, म्हणजे काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, खेळत वाढलेला एक मुलगा त्या खेळात व्यावसायिक होऊ शकत नाही आणि पदवी नसताना एका व्यापारी कंपनीत उमेदवारी करू लागतो. कंपनीतले टोमणे, साहेबांची भांडणे, रात्री उशिरापर्यंतचे काम, यांखेरीज त्यात फारसे काही घडत नाही. पण लेखकाने एक विलक्षण गोष्ट केली. १९८९ साली कोरियाचे चो हुन-ह्युन आणि चीनचे नीए वेइपिंग यांच्यात इंग चषकाचा अंतिम सामना झाला. त्यातील निर्णायक पाचवा डाव १४५ चालींत संपला. ‘मिसेंग’च्या पहिल्या पर्वाची प्रकरणेही १४५, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर त्या डावातील एकेक चाल. वाचणारा रोज एक चाल पुढे सरकतो. २०१४ च्या मालिकेचे भाग अवघे २०. हा सांगाडा त्यात मावणे शक्यच नव्हते, आणि तो गेला. त्या बदल्यात मालिकेने आपल्याला कचेरी दिली. फोनचे खणखणणे, साहेबाची थकलेली खाकर, छापखान्यासारखी चालणारी झेरॉक्स यंत्रे. शिवाय टीव्हीवर हमखास घुसडले जाणारे प्रेमप्रकरण घुसडले नाही, हे त्या मंडळींचे उपकारच. ज्यांनी मुंबईत रेल्वेत, पोस्टात किंवा कापडगिरणीच्या कचेरीत नोकऱ्या केल्या, अशा आपल्या जुन्या लोकांना ही मालिका दाखवून पाहा. भाषांतराची गरज पडत नाही.

सगळीकडे असा रास्त सौदा होत नाही. ‘चीज इन द ट्रॅप’ची मालिका २०१६ साली आली, त्या वेळी मूळ चित्रकथा पूर्णही झाली नव्हती. लेखिका सुनक्की यांनी आपल्याला विचारात घेतले नाही म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली. जो नायक चित्रकथेत हळूहळू उलगडायचा, तो मालिकेच्या उत्तरार्धात पडद्यावरून जवळजवळ नाहीसाच झाला. येथे वाचकाचा वेळ घेतला आणि हाती काहीच ठेवले नाही. असो.

आम्हाला सर्वांत अधिक आवडली ती ‘मूव्हिंग’. चित्रकथा २०१५ ची, मालिका २०२३ ची, आणि दोन्ही कांग फुल यांच्याच हातच्या. मालिकेची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली. बोंगसोक नावाचा शाळकरी मुलगा मनाने हलका झाला की जमिनीवरून वर तरंगू लागतो. हे गुपित फुटू नये म्हणून त्याची आई त्याला पोटभर खाऊ घालते आणि पायाला वजने बांधते. आईचे खाणावळीचे दुकान आहे आणि तेथे डुकराच्या मांसाचे तळलेले काप मिळतात. ते आपल्या पानात पडायचे नाहीत, पण ‘अजून एक घे’ हा आग्रह मात्र आपल्या ओळखीचा आहे! चित्रात जाडा मुलगा काढायला चार रेघा पुरतात. मालिकेतील नट ली जंग-हा याने या कामासाठी सुमारे ३० किलो वजन वाढवले. त्यामुळे तो जमिनीवरून उचलला जातो तेव्हा आपल्याला त्याचे वजन जाणवते. कागदावर सगळ्यांचेच वजन सारखे असते, तेथे उडण्याचे नवल ते काय? वर जाऊ नये म्हणून हा मुलगा मन गुंतवण्यासाठी वर्तुळाच्या गुणोत्तराचे आकडे पुटपुटतो. असे आकडे चित्राच्या फुग्यात छापलेले असते तर आमचा डोळा ते ओलांडून पुढे गेला असता. पडद्यावर ते कापऱ्या आवाजात ऐकावे लागतात. लेखकाने मालिकेत नवी पात्रेही घातली. त्यांपैकी फ्रँक हा परदेशातून आलेला मारेकरी आम्हाला थोडा उपरा वाटला, परंतु घराचा मालकच भिंत पाडीत असेल तर पाहुण्यांनी बोलू नये.

आवाजाचा लाभ आमच्या घरात आणखी एका रीतीने झाला. मुलांनी या चित्रकथा इंग्रजीतून वाचल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मनातील सगळी कोरियन माणसे ब्रिस्टलच्या शाळेतले इंग्रजी बोलत होती. मालिकेत ती प्रथम आपल्या भाषेत बोलली. कोरियन मुले बापाला ‘आप्पा’ म्हणतात हे ऐकून आमची वडीलधारी मंडळी तर खूशच झाली. अश्दोदची भावंडे खालच्या हिब्रू अक्षरांवरून अर्थ लावतात, आमची मुले इंग्रजीवरून, पण कानावर दोघांच्याही तोच ‘आप्पा’ पडतो.

एवढ्यावर वाद मिटला असता, पण मध्येच चिंटू निघाला.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. आमच्याकडे पुण्याहून येणारा पाहुणा चिक्काच्या हलव्याचा डबा ‘सकाळ’च्या अंकात गुंडाळून आणी, आणि हलव्याच्या आधी तो चुरगळलेला कागद सपाट केला जाई. तीन-चार चौकटी, फुग्यांत दोन-दोन ओळी. आजी त्या मोठ्याने वाचीत, आणि आजींच्या तोंडी चिंटू, पप्पू, मिनी सगळेच अलिबागकडचे हेल काढून बोलत. पुढे मुले स्वतः वाचू लागली. येथे इंग्लंडात मराठी अक्षर घरात टिकवायचे म्हणजे काय कष्ट असतात ते वाचकांस सांगायला नको. जाड पुस्तक पाहून पळणारे मूल चिंटूच्या फुग्यापाशी थांबते, कारण शेवटच्या चौकटीत का हसायचे ते वाचल्याशिवाय कळत नाही.

२०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी ‘चिंटू’ हा चित्रपट केला. शुभंकर अत्रे हा चिंटू झाला, विभावरी देशपांडे आई आणि सुबोध भावे पपा. चित्रपट वाईट नाही, उलट सुबक आहे. मुलांचे खेळायचे मैदान बळकावले जाते आणि मुले ते परत मिळवतात, ही गोष्ट शहरात वाढलेल्या कुणालाही भिडेल. धुळीत खेळणारी पोरे पाहताना रेघांना जे जमत नाही ते येथे जमले आहे हे मान्य करावे लागते. चार चौकटींच्या विनोदाला दोन तास पुरवायचे तर खलनायक आणावाच लागतो, तोही आम्ही चालवून घेतला. पण चिंटूने तोंड उघडले आणि तो स्वच्छ पुणेरी बोलू लागला! त्यात त्याचा दोष नाही, तो पुण्याचाच आहे. मात्र आमच्या घरात त्या दिवसापासून आजींचा चिंटू बंद झाला. मुले फुगे वाचतात ती आता चित्रपटातल्या स्वरात, आणि आजींनी वाचले तर ‘तो असे बोलत नाही’ म्हणून त्यांनाच सुधारतात. कोरियन गोष्टीत ज्या आवाजाने मुलांना काही दिले, त्याच आवाजाने येथे काढून घेतले. तेथे आधीचा आवाज उसना होता, येथे तो घरचा होता. शिवाय चित्रपट पाहायला एकही अक्षर वाचावे लागत नाही.

ही भीती ब्रिस्टलला नवी नाही. या गावात आर्डमन ही कंपनी १९७६ पासून आहे, मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट करणारी. त्यांच्या वॉलेसला १९८९ पासून पीटर सॅलिस या नटाचा आवाज होता. सॅलिस २०१७ साली वारले. २०२४ च्या अखेरीस नवा चित्रपट आला तेव्हा बेन व्हाइटहेड यांचा आवाज जुन्याशी जुळतो की नाही म्हणून लोक कान टवकारून बसले होते. वॉलेसचा कुत्रा ग्रॉमिट याला मात्र तोंडच नाही. तो भुवयांनी बोलतो, आणि त्याच्याविषयी कुणालाच चिंता करावी लागली नाही.

आपल्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोरातील कथांची मराठी कीर्तने रचली, तेव्हाही लेखी कथेला आवाज दिलाच होता. पण कीर्तनकार दर गावी निराळा, आणि एकाच्या आवाजाने दुसऱ्याचा बंद होत नसे. चित्रपट एकदाच बोलतो आणि तसाच राहतो.

म्हणून आमची शिफारस अशी. ‘मूव्हिंग’ आधी पाहिली आणि मग वाचली तरी बिघडत नाही. ‘मिसेंग’ वाचायला मिळाली तर आधी वाचावी, नाहीतर सरळ मालिका पाहावी. चिंटूचा पहिला चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. २०१३ चा दुसरा, ‘खजिन्याची चित्तरकथा’, वगळला तरी चालेल, त्यात चिंटूपेक्षा खजिनाच जास्त आहे. मात्र दोन्हींच्या आधी चिंटूची एखादी पुस्तिका भारतातून मागवून घ्यावी, आणि घरात ज्यांचे मराठी सर्वांत जुने असेल त्यांना ती वाचायला सांगावी. आमच्याकडे दोन जादा प्रती आहेत. एक चहा सांडलेली आहे, पण फुगे शाबूत आहेत.