समाधी, ईईजी आणि ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’

राजूरहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलात, की चांगदेवांच्या तपश्चर्येची गोष्ट कानावर येतेच. योगबळाने ते चौदाशे वर्षे जगले, अशी आख्यायिका. मग ऐकणाऱ्यांतला कुणीतरी म्हणतो, “समाधी वगैरे आता विज्ञानानेही सिद्ध केलंय!” मित्रांनो, संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथेच थांबायचं आणि विचारायचं: कुणी सिद्ध केलं? किती जणांवर? नेमकं काय?

योगाला प्रयोगशाळेत नेण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम त्यासाठीच सुरू केलं. पण समाधी आणि मेंदू म्हटलं की वारंवार दाखला दिला जातो तो १९६१ च्या एका शोधनिबंधाचा. आनंद, छीना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी ईईजीवर नोंदवल्या. डोळे मिटून शांत बसलं की दिसणाऱ्या अल्फा लहरी आवाज झाला, प्रकाश पडला की सहसा मोडतात. समाधीत त्या मोडल्या नाहीत. निरीक्षण मोलाचं आहे, पण योगी होते फक्त चार!

पुढे १९६६ मध्ये जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांना झेन साधकांत वेगळंच दिसलं. तिथे प्रत्येक आवाजाला अल्फा लहरी मोडत होत्या, आवाजाची सवयच होत नव्हती. १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांची ध्यान न करणाऱ्यांशी तुलना केली. या प्रतिसादात त्यांना गटागटांत फरक आढळला नाही. आपल्याकडे मात्र पहिला निबंध सांगितला जातो, तिसरा गाळला जातो.

समजा, फरक सापडलाच असता, तरी? भंडारदरा धरणाची मोजपट्टी पाणी किती ते सांगते, त्याची चव सांगत नाही. ईईजीचंही तसंच. मेंदूतल्या हालचालींतून ‘मला जाणवतंय’ हा अनुभव मुळात का उमटतो, याला डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये चेतनेचा ‘कठीण प्रश्न’ म्हटलं. अल्फा लहरींनी तो सुटत नाही. म्हणून “आत्मा सिद्ध झाला” म्हणणारा जितकी मोठी उडी मारतो, तितकीच “सगळा मेंदूचा खेळ, बाकी भ्रम” म्हणणाराही मारतो.

तेव्हा संशोधन आराखड्यात ‘ध्यानाने चेतना उन्नत होते हे सिद्ध करणे’ असं उद्दिष्ट लिहू नका. त्याऐवजी विचारा: नियमित ध्यान करणाऱ्या आणि न करणाऱ्या, समान वयाच्या दोन गटांत आवाजाला मिळणारा अल्फा-प्रतिसाद वेगळा असतो का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. ते आलं तर तेही तितक्याच ठळकपणे छापायची तयारी ठेवा.